काळा मॉनिटर: दोष मॉनिटरचा, केबलचा की पेटीचा?

बटण दाबलं, पंखे घुमले, पण पडद्यावर अंधार. बहुतेक घरांत निकाल लगेच लागतो: "मॉनिटर गेला." मग नवा मॉनिटर आणून जोडला की कळतं, तोही काळाच. चित्र दिसायला तिघांनी काम करावं लागतं: कॅबिनेट, म्हणजे घरोघरी जिला सीपीयू म्हणतात ती पेटी, मधली केबल आणि मॉनिटर. तिघांपैकी कोण अडलंय हे स्क्रूड्रायव्हर हातात न घेता पाच मिनिटांत ठरवता येतं. ते ठरेपर्यंत काही उघडू नका आणि काही विकतही आणू नका.

## केबल काढा, मॉनिटर एकटा चालू करा

मॉनिटरच्या मागची चित्राची केबल पूर्ण काढा. वीज मात्र चालू ठेवा. आता मॉनिटरचं बटण बंद करून पुन्हा चालू करा आणि पडद्याकडे बघत राहा. पाच-दहा सेकंदांत कंपनीचं नाव, "नो सिग्नल", "चेक केबल" किंवा इकडून तिकडे फिरणारी चौकट दिसली, तर मॉनिटरचा वीजपुरवठा, पडदा आणि मागचा उजेड हे सगळं ठीक आहे. उरला संशय केबलवर, पेटीवर आणि मॉनिटरच्या त्या एका पोर्टवर, म्हणजे केबल जिथे खुपसतो त्या खाचेवर.

संदेश लगेच जातो आणि मॉनिटर झोपतो, म्हणून नजर हटवू नका. मेनूचं बटण दाबूनही बघा. काही मॉनिटर सिग्नल नसताना मेनू दाखवत नाहीत, म्हणून मेनू आला नाही एवढ्यावर निकाल देऊ नका.

याच वेळी बटणाजवळच्या दिव्याकडेही लक्ष द्या. पांढरा, निळा किंवा हिरवा स्थिर दिवा म्हणजे मॉनिटर जागा आहे. पिवळा-नारिंगी किंवा लुकलुकणारा म्हणजे वीज मिळतेय पण सिग्नल नाही, म्हणून झोपलाय. दिवाच नाही म्हणजे विजेचा प्रश्न. रंग कंपनीगणिक बदलतात आणि काही मॉडेलांत हा दिवा मेनूतून बंदही करता येतो, तेव्हा दिव्याला एकट्याला साक्षीदार मानू नका.

दुसरी चाचणी उलट बाजूने करायची: पेटीची एचडीएमआय केबल घरातल्या टीव्हीला लावा आणि टीव्हीचा सोर्स त्या पोर्टवर आणा. टीव्हीवर चित्र आलं तर पेटी आणि केबल दोन्ही निर्दोष. एवढ्यात निम्मं काम होतं.

## दिवाच लागत नसेल तर

आधी भिंतीच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज आहे का बघा. एक्स्टेंशन बोर्ड मध्ये असेल तर तो काढून मॉनिटर थेट भिंतीत लावा. ढिल्या पट्ट्यांचे स्वस्त बोर्ड हे दिवा न लागण्याचं फार साधं आणि फार दुर्लक्षित कारण आहे. मॉनिटरला जाड तीन पिनांची केबल लागत असेल तर ती बहुधा पेटीच्या केबलसारखीच असते. दोन्हींची अदलाबदल करून बघा.

मॉनिटरला बाहेरचा अडॅप्टर असेल तर जपून. घरात पडलेला "तसाच दिसणारा" अडॅप्टर लावायचा मोह होतो, पण पिन बसली म्हणजे व्होल्ट जुळले असं नाही. १२, १४ आणि १९ व्होल्टचे अडॅप्टर सर्रास वापरात आहेत. सॅमसंगच्या बऱ्याच मॉनिटरना १४ लागतात, एलजीच्या बऱ्याच मॉनिटरना १९. बारा व्होल्टच्या मॉनिटरला एकोणीस दिले तर आतला बोर्ड जळू शकतो. नियम असा: व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि पिनेची आत-बाहेरची धन-ऋण खूण जुळायला हवी. तिन्ही गोष्टी मॉनिटरच्या मागच्या आणि अडॅप्टरवरच्या स्टिकरवर छापलेल्या असतात. मल्टीमीटर असेल तर अडॅप्टर सॉकेटला लावून टोकाशी डीसी व्होल्ट मोजा. १९ च्या जागी ८-१० दिसले किंवा आकडा सारखा वरखाली होत असेल तर अडॅप्टर बदला. आकडा बरोबर आला तरी अडॅप्टर निर्दोष ठरत नाही. रिकामा असताना नीट दिसणारा अडॅप्टर भार पडला की बसतो.

अडॅप्टर नसलेल्या मॉनिटरमध्ये विजेचा बोर्ड आतच असतो. दिवा लुकलुकतो, टिक-टिक आवाज येतो, किंवा थंडीत दहा-पंधरा मिनिटं लावून ठेवल्यावरच मॉनिटर सुरू होतो, अशी लक्षणं असतील तर त्या बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांचा सपाट माथा वर आलेला किंवा तपकिरी रस सुटलेला दिसतो. दुरुस्ती स्वस्त आहे, पण सोल्डरिंगचा सराव नसेल तर स्वतः हात घालू नका. आपल्याकडची २३० व्होल्टची एसी वीज आत गेल्यावर मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होऊन बसते, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथेच राहते.

## दिवा आहे, पडदा काळा: टॉर्च आणा

खोलीत अंधार करा. मोबाइलची टॉर्च पडद्याला अगदी जवळ, तिरकी धरा आणि डेस्कटॉपचे आयकॉन किंवा मेनू पुसटसा दिसतो का बघा. दिसला तर चित्र येतंय, फक्त त्यामागचा उजेड गेलाय. पॅनेल ठीक, बॅकलाइट किंवा त्याला वीज देणारा भाग बिघडलेला. आजच्या मॉनिटरमध्ये एलईडीच्या पट्ट्या असतात आणि त्यांतले दिवे एकामागोमाग जोडलेले असतात, म्हणून एखादाच दिवा तुटला तरी अख्खी ओळ विझते.

चित्र क्षणभर येतं आणि दोनेक सेकंदांत काळं होतं, हे जुन्या, साधारण २०१० च्या आधीच्या, मागच्या उजेडासाठी बारीक ट्यूब असलेल्या सपाट मॉनिटरचं खास लक्षण. ट्यूब किंवा तिला वीज देणारा आतला इन्व्हर्टर थकला की संरक्षणाचं सर्किट स्वतःच उजेड तोडतं. अशा मॉनिटरवर खर्च करण्यात अर्थ नाही. एलईडी पट्टी बदलून मिळते, पण त्यासाठी पॅनेलचे पातळ थर उचलावे लागतात. धूळ आत गेली की डाग कायमचे. म्हणून स्वस्तातला २२ इंची मॉनिटर असेल तर दुरुस्तीचा आकडा ऐकून नव्याशी ताडा. महागड्या रुंद मॉनिटरची गोष्ट वेगळी.

ब्राइटनेस शून्यावर गेल्यानेही अंधार वाटतो. काही मॉनिटरांत ती थेट बटणावर असते आणि पुसताना दाबली जाते.

## केबल, पोर्ट आणि सोर्स

मॉनिटर निर्दोष ठरला की इथे थांबून बारकाईने बघा, कारण फुकटात सुटणारे बहुतेक दोष याच भागात असतात.

पहिलं, सोर्स. मॉनिटरला दोन-तीन पोर्ट असतील तर मेनूत इनपुट हाताने निवडा. "ऑटो" दर वेळी बरोबर ओळखत नाही, विशेषतः दुसऱ्या पोर्टला सेट टॉप बॉक्स लावलेला असेल तर.

दुसरं, पेटीच्या मागे केबल कुठे लावलीय. वेगळं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र तयार करणारा सुटा बोर्ड, असलेल्या पेटीला दोन ठिकाणी एचडीएमआय दिसतं: वर, यूएसबी पोर्टांच्या शेजारी उभ्या पट्टीत मदरबोर्डचं, म्हणजे पेटीतल्या मुख्य बोर्डाचं, आणि त्याखाली आडव्या पट्टीत कार्डचं. केबल कार्डलाच लावायची. कार्ड बसवलं की बरेच मदरबोर्ड स्वतःचं पोर्ट आपोआप बंद करतात. इंटेलच्या नावाशेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये आणि रायझन ५ ३६०० किंवा ५६०० सारख्यांत अंगचं ग्राफिक्सच नसतं, त्यामुळे तिथल्या वरच्या पोर्टातून चित्र कधीच येणार नाही. जोडणी करून घेतलेल्या पेटीची साफसफाई झाल्यावर "अचानक" चित्र जातं, त्यात ही चूक हमखास सापडते.

तिसरं, केबल. दोन्ही टोकं काढून परत घट्ट बसवा. डिस्प्लेपोर्टला टोकाशी अडकण असते, ती दाबूनच ओढा, आणि लावताना "टक" आवाज यायला हवा. व्हीजीएच्या निळ्या पट्टीचे दोन्ही स्क्रू पिळा, नुसती टेकलेली नको. व्हीजीएत तीन ओळींत १५ पिना असतात. त्यातली ९ नंबरची पिन बऱ्याच केबलींत मुळातच नसते, ती तुटली म्हणून घाबरू नका. १, २, ३ या पिना लाल, हिरवा, निळा रंग वाहतात, त्यातली एक वाकली तर चित्र राहतं पण रंग बिघडतो. १३ किंवा १४ गेली की मात्र ओळींची आणि चौकटीची वेळ मॉनिटरला कळत नाही आणि चित्र जातं. वाकलेली पिन चिमट्याने हळूच सरळ होते, पण एकदाच. दुसऱ्यांदा वाकवली की तुटते.

एचडीएमआयमध्ये १९ वी पिन मॉनिटर जोडलाय ही वर्दी पेटीला देते. त्या पिनेशी संपर्क सुटला तर मॉनिटर आहे हेच पेटीला कळत नाही. म्हणून ढिल्या पोर्टात केबल हलवल्यावर चित्र येत-जात राहतं.

चौथं, कन्व्हर्टर. एचडीएमआयमधून व्हीजीए करणारा डोंगल एकाच दिशेने चालतो. पेटी एचडीएमआय आणि मॉनिटर व्हीजीए असेल तर "एचडीएमआय टू व्हीजीए", उलट असेल तर दुसराच डोंगल लागतो. दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे दुकानात शब्दांचा क्रम नीट सांगा. डोंगलला एचडीएमआयमधून मिळणारी वीज फार थोडी असते. बाजूला यूएसबीचं छोटं भोक असेल तर त्यात चार्जर लावून बघा. यूएसबी-सीच्या बाबतीतही तसंच: पोर्ट सारखं दिसलं तरी प्रत्येकातून चित्र जात नाही, आणि मोबाइल चार्जिंगसाठी आलेल्या बऱ्याच केबली चित्र वाहून नेत नाहीत. लॅपटॉपच्या पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा विजेच्या बाणाची खूण शोधा.

डिस्प्लेपोर्टचा एक खास आजार: झोपलेला मॉनिटर पुन्हा जागाच होत नाही. मॉनिटरचा प्लग सॉकेटमधून काढून मिनिटभर थांबा, परत लावा. जमलं तर मेनूतला "डीप स्लीप" बंद करा. एनव्हिडियाच्या ९०० आणि १००० मालिकेतल्या काही कार्डांवर डिस्प्लेपोर्टने जोडलेला नवा मॉनिटर विंडोज येईपर्यंत काळाच राहतो. त्यासाठी कंपनीचं फर्मवेअर अपडेट आहे. तोवर एचडीएमआयने काम भागवा.

## पेटी जिवंत आहे का?

पंखा फिरतो म्हणजे पेटी चालू, हा समज चुकीचा. पंखा फिरवायला वीज पुरते. खरी खूण कीबोर्डवर. मिनिटभर थांबून कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो तर पेटी जागी आहे आणि दोष चित्राच्या वाटेवर आहे. दिवा ढिम्म राहिला तर पेटी सुरू होतानाच कुठेतरी अडकलीय.

मदरबोर्डवर छोटे दिवे असतील तर ते सरळ नाव घेऊन सांगतात: सीपीयू (इथे पेटी नव्हे, आतला प्रोसेसर), डीरॅम (रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज असलेली डिस्क). ज्यावर दिवा अडकला तिथून सुरुवात करा. जुन्या बोर्डांना बझर असतो. बायोस म्हणजे पेटी सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम. तो अवॉर्डचा असेल तर एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्स, थांबून थांबून वाजत राहणारी लांब बीप बहुधा रॅम. बाकीचे कोड कंपनीगणिक वेगळे, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघा.

नवी पेटी असेल आणि तिच्यात डीडीआर५ रॅम असेल तर घाई करू नका. पहिल्यांदा सुरू होताना ती रॅमची जुळणी करते, त्यात काही मिनिटं पडदा काळा राहतो. दोन मिनिटांत कंटाळून बटण दाबलं की पहिल्यापासून सुरुवात. किमान दहा मिनिटं द्या.

## रॅम: खोडरबरचा उपाय

जुन्या पेटीत कॅप्स लॉक मुका आणि पंखे फिरताहेत, असं असेल तर सर्वांत आधी रॅम. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत महिनाभर बंद राहिलेली पेटी गणपतीनंतर सुरूच होत नाही, तिथेही पहिला संशय रॅमच्या टोकांवर घ्या.

1. पेटी बंद करा, मागची वीज केबल काढा आणि पेटीचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते.
2. कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावा. अंगावरची स्थिर वीज चिपला मारते. गालिच्यावर किंवा सिंथेटिक चादरीवर बसून हे काम करू नका.
3. रॅमच्या कडेच्या खिट्ट्या बाहेर दाबा, रॅम सरळ वर काढा. काही बोर्डांना एकाच बाजूला खिट्टी असते.
4. सोनेरी टोकं पांढऱ्या मऊ खोडरबरने हलक्या हाताने, वरून खाली घासा. वाळूचा, निळा-लाल शाई खोडायचा रबर नको, तो सोन्याचा मुलामाच काढतो. कण ब्रशने झटका. आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर तेच वापरा, ते रबरापेक्षा सुरक्षित.
5. खोबणीत फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा जातो. ब्लोअर किंवा कोरडा ब्रश चालेल.
6. एकच रॅम लावा. चार खोबणी असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी, जिच्याजवळ ए२ लिहिलेलं असतं. दोन्ही टोकांना सारखा दाब द्या, खिट्टी स्वतःहून बंद व्हायला हवी.

चित्र आलं तर बंद करून दुसरी रॅम लावा. आलं नाही तर दुसरी रॅम त्याच खोबणीत, मग पहिली दुसऱ्या खोबणीत. अशी अदलाबदल केली की रॅम खराब की खोबण, ते उलगडतं.

## सेल, कार्ड आणि आतल्या वायरी

रॅमने काम झालं नाही तर बायोसच्या सेटिंग्ज मुळावर आणा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा सीआर२०३२ सेल असतो. वीज केबल काढून सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि परत लावा. नवा सेल ३ व्होल्टचा असतो. मल्टीमीटरवर २.७ च्या खाली दिसला तर नवाच घाला. चुकीचं ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवणं) किंवा रॅमचा न झेपणारा वेग यामुळे आलेला अंधार यानेच जातो.

एक सावधगिरी. विंडोज ११ च्या बऱ्याच पेट्यांत डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असतं. बायोस मुळावर आला की विंडोज ४८ अंकी बिटलॉकर किल्ली मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या मोबाइलवरून आधी तिथे शिरून किल्ली लिहून घ्या, मगच सेल काढा.

ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा बसवा. काढताना खोबणीच्या टोकाची खिट्टी दाबायची असते, ओढाताण केली तर खोबण तुटते. कार्डाला वरून येणारी ६ किंवा ८ पिनांची वायर लागते ना, ते बघा. खोबणीतून ७५ वॅट मिळतात, ६ पिनांमधून ७५, ८ पिनांमधून १५०. वायर विसरली की पंखा फिरतो पण चित्र येत नाही. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड पूर्ण काढून केबल मदरबोर्डला लावा. चित्र आलं की संशय कार्डावर आणि त्याच्या विजेवर येतो.

मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी ४ किंवा ८ पिनांची वेगळी वायर असते. ती कोपऱ्यात लपलेली असल्याने बसवताना राहून जाते. ती नसेल तर सगळे पंखे फिरतात आणि बाकी काहीच घडत नाही.

## लोगो दिसतो, पुढे अंधार

सुरुवातीला कंपनीचा लोगो दिसत असेल तर वरचं बरंचसं वगळा. मॉनिटर, केबल, रॅम ठीक आहेत, घोटाळा ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला ग्राफिक्सशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमचा, किंवा सेटिंगचा. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. बीप ऐकू येऊन पडदा क्षणभर लुकलुकतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. मग विंडोज आणि पी दाबून बाण खाली, एंटर. पूर्वी जोडलेल्या प्रोजेक्टरकडे चित्र पाठवायची सेटिंग राहून गेली असेल तर ती अशी परत येते.

"आउट ऑफ रेंज" किंवा "इनपुट नॉट सपोर्टेड" असं दिसलं तर मॉनिटरला न झेपणारं रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट दिलाय. विंडोज येत असतानाच पेटीचं बटण दाबून बंद करा, असं दोन-तीनदा. मग दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. यादीतून ३ निवडलं तर कमी रिझोल्यूशन, ४ निवडलं तर सेफ मोड. सेफ मोडमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अडॅप्टर्समधला ड्रायव्हर रोल बॅक किंवा अनइन्स्टॉल करा. काळ्या पडद्यावर बाण तेवढा दिसत असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केपने टास्क मॅनेजर उघडतो का बघा. उघडला तर "रन न्यू टास्क"मध्ये explorer.exe असं टाकलं की डेस्कटॉप परत येतो.

## दुरुस्तीला नेताना

मॉनिटरच्या मागे बहुधा १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं, त्यामुळे कमी-जास्त दाबासाठी वेगळ्या स्टॅबिलायझरची सहसा गरज नसते. खरा शत्रू वीज पडल्याचा झटका आणि अर्थिंग नसलेला बोर्ड. पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसताना चालू यंत्रांत एचडीएमआय खुपसली की पोर्ट जळू शकतं. एकच पोर्ट मेलं असेल तर दुसऱ्यावर मॉनिटर वर्षानुवर्षं चालतो.

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे सुटे भाग आणि बोर्डपातळीवर दुरुस्ती करणारे मिळतात. "चालू होत नाही" एवढंच सांगू नका. केबल काढल्यावर "नो सिग्नल" येतं का, टॉर्चखाली चित्र दिसतं का, टीव्हीवर पेटी चालते का, ही तीन उत्तरं द्या, म्हणजे भलताच बोर्ड बदलला जाणार नाही. अडॅप्टर असेल तर तोही सोबत न्या. मॉनिटर उभाच धरा, पडद्यावर बोटांचा दाब पडू देऊ नका, आणि रिक्षात तो आडवा मांडीवर घेऊ नका: बिघडलेली पट्टी बदलता येते, तडकलेलं पॅनेल बहुधा मॉनिटरच्याच किमतीला पडतं.